हद्दीवरचें शेत

माझ्या टेबलावर गेले तीन आठवडे एक कागद पडून आहे. कागद कसला, चोपडीच ती! पानें बेचाळीस, आणि प्रत्येक पानाच्या तळाशीं सहा सह्यांसाठीं जागा सोडलेली. त्यांपैकीं चार जागा भरल्या आहेत. पांचवी तात्यांची आहे व सहावी माझी. वर 'विकसन करारनामा' असें ठळक अक्षरांत छापलें आहे आणि आंत, ज्या वस्तूसाठीं हा सारा खटाटोप चालला आहे तिचा उल्लेख 'सदर मिळकत' ह्या नांवानें, मीं मोजला नाहीं, पण निदान शंभर वेळां तरी आलेला असावा. आमच्या घरांत त्या मिळकतीला 'पिंपळाखालचें' म्हणतात. पिंपळ माझ्या जन्मापूर्वींच पडला. शेत मात्र अजून त्याच्याच खालीं आहे.

त्या चार सह्या बायकांच्या आहेत: माझ्या आईची, बहिणीची आणि दोन आत्यांची. आजोबांच्या व मागाहून वडिलांच्या पश्चात् सातबाऱ्यावर सहा नांवें चढलीं, तेव्हां आपणहि शेताच्या मालकिणी झालों ह्याचें ह्या चौघींना क्षणभर हंसूं आलें होतें. कारण नांवापलीकडे त्या शेतानें त्यांना फारसें कांहीं दिलें नव्हतें. आत्यांना दर वर्षीं दिवाळीनंतर तांदळाची एकेक गोण जाई, तीहि अलीकडे बंद पडली. आईनें त्या खाचरांत पंचवीस पावसाळे कंबरेंत वांकून लावणी केली आहे. मला वाटलें होतें, निदान ती तरी सही करतांना थबकेल. पण तिनें चष्मा लावला, बेचाळीस पानांवर बेचाळीस सह्या एका बैठकींत केल्या आणि म्हणाली, "माझी कंबर गेली तिथं. घे." शेताविषयीं गहिंवरून बोलणारे आम्ही लोक बहुधा बांधावर उभे राहिलेले असतों, हें त्या दिवशीं मला पुन्हां एकदां कळलें.

पैशाची गरज सर्वांनाच आहे. एका आत्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अडून राहिली आहे, बहिणीच्या घराचें कर्ज फिटावयाचें आहे, आणि तात्यांचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, बांधकामांना खडी-वाळू पुरवितो, त्याला दुसरा ट्रक घ्यावयाचा आहे. माझी गरज तितकी निकडीची नाहीं. आणि म्हणूनच नकार देण्याची ऐट मला परवडते, हेंहि मी जाणून आहें. शेत आहे तरी केवढें! एक एकर सव्वीस गुंठे. परंतु आज त्याच्या एका गुंठ्याला जो भाव येतो तो आजोबांना सांगितला असता, तर आपल्या नातवाला भूतबाधा झाली आहे अशीच त्यांची समजूत झाली असती.

वाचकांपैकीं ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगावयास हवें. कल्याणहून शिळफाट्याकडे जो रस्ता जातो त्याच्या आसपास पसरलेलीं निळजें, काटई, घेसर, हेदुटणें, माणगांव, दावडी, पिसवली, सोनारपाडा इत्यादि गांवें ठाणें जिल्ह्यांत नुसत्या 'सत्तावीस गांवें' ह्या आंकड्यानेंच ओळखलीं जातात. आमचें गांव त्यांतलेंच एक. कोणतें तें सांगत नाहीं, कारण सांगितलें तर शेत, चुलतभाऊ आणि बिल्डर हे तिघेहि ओळखूं येतील. वस्ती मुख्यतः आगरी, पीक भाताचें, भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल, आणि कोठूनहि मान वर केली तरी क्षितिजावर मलंगगड. हें वर्णन आतां निम्मेंच खरें आहे. मलंगगड दिसतो, पण दोन इमारतींच्या मधून.

१ ऑक्टोबर १९८३ रोजीं कल्याण महानगरपालिका स्थापन झाली आणि आम्ही एका रात्रींत शहरवासी झालों. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. वडिलांनीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविलें. आजोबा गोठ्याच्या दारांत बसून दोर वळीत होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "मंग आता शेतसारा कोनाला द्यायचा?" ह्या प्रश्नाचें नीट उत्तर वडिलांना देतां आलें नाहीं. आमची ग्रामपंचायत गेली. आणि तिच्या जागीं निवडलेला नगरसेवक यावयास बारा वर्षें लागलीं, कारण महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९९५ सालीं झाली. तोंपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. लोकशाहीचा विषय मी पुढें वर्गांत तीस वर्षें शिकविला. पण कोणाचाहि नसलेला नागरिक कसा असतो तें मीं ह्या बारा वर्षांत घरींच शिकलों.

पुढचा इतिहास सोंगट्यांच्या पटासारखा आहे. गांवकऱ्यांनीं संघर्ष समिति काढली, मोर्चे निघाले, आणि जुलै २००२ मध्यें सरकारनें हीं सत्तावीस गांवें महानगरपालिकेंतून वगळलीं. त्या दिवशीं गांवांत गुलाल उधळला गेला. १ जून २०१५ रोजीं तींच गांवें पुन्हां आंत घेण्यांत आलीं. जून २०२० मध्यें सत्तावीसांपैकीं अठरा गांवें पुन्हां बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. आंत, बाहेर, आंत, निम्मीं बाहेर, पुन्हां आंत. असले खेळ आमच्याच नशिबीं आले असें नाहीं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हां तिकडच्या गांवांनींहि असाच लढा दिला. पुण्याभोंवतालच्या गांवांची कथा फारशी वेगळी नाहीं.

ह्या सगळ्या काळांत मी कोठें होतों? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर दोन्हीकडे. १९९८ सालीं नोकरीच्या सोयीसाठीं मीं डोंबिवलीस घर घेतलें. ज्या इमारतींत मी राहतों ती कोणाच्या खाचरावर उभी आहे, हें मीं आजवर कोणाला विचारलेलें नाहीं. प्राध्यापकांच्या खोलींत गोष्ट निघाली, कीं मी म्हणे, "शहर वाढणारच, गांवांनीं कर द्यावयाचा नाहीं आणि पाणी मात्र शहराचें मागावयाचें, हा कोणता न्याय?" आणि शनिवारीं गांवीं गेलों म्हणजे तात्यांच्या ओटीवर बसून त्यांच्याच इतक्या त्वेषानें म्हणे, "आपल्या गांवाचा निकाल मंत्रालयांत बसून लावणारे हे कोण?" दोन्ही वाक्यें मला मनापासून पटत. २०१५ सालीं गांवें पुन्हां आंत घेण्यापूर्वीं हरकती व सूचना मागविण्यांत आल्या, तेव्हां मींहि एक हरकत लिहून दिली. परवां तिची प्रत जुन्या कागदांत सांपडली. अडीच पानांच्या त्या मजकुरांत शेतीचा उल्लेख दीड ओळीचा आहे. उरलेलें सारें घरपट्टीविषयीं!

ती प्रत वाचतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, आणि ती इतक्या उशीरां यावी ह्याची मला लाज वाटते. गेल्या चाळीस वर्षांत हद्द पुनःपुन्हां हलली, पण प्रत्येक वेळीं हलली ती गांवाची. शेताला कोणीच कांहीं विचारलें नाहीं, आम्हींहि नाहीं. महानगरपालिकांच्या कायद्यांत हद्द वाढविण्याची वा घटविण्याची सत्ता सरकारला आहे, तिच्यासाठीं अधिसूचनेची व हरकतींची रीत आहे. परंतु 'हा एक तुकडा मी कसतों आहें, कसतों आहें तोंवर मला असाच राहूं द्या' असें एका माणसानें म्हणावयाचें झाल्यास त्याला त्यांत उभें राहावयास जागा नाहीं. गांव आंत तर तो आंत. गांव बाहेर तर तो बाहेर.

आणि बाहेर राहून तरी शेत वांचलें काय? २००२ ते २०१५ हीं तेरा वर्षें आम्ही शहराबाहेर होतों. तेव्हां शेतें सुखरूप राहावयास हवीं होतीं. घडलें तें उलटेंच. शहराचे नियम गेले, आणि त्यांच्या जागीं कसलेच नियम राहिले नाहींत. ज्यांनीं 'जमीन वांचवा' म्हणून मोर्च्यांत घसा फोडला होता त्यांतल्याच कित्येकांनीं आपल्या खाचरांत परवानगीवांचून चाळी बांधल्या, चार-चार मजल्यांच्या इमारती उठविल्या. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. भाताच्या एकरीं उत्पन्नांत मुलीचें लग्न होत नाहीं, चाळीच्या भाड्यांत होतें. निळज्याच्या बाजूला पलावा नांवाचें एक नवें नगरच वसलें. पुढें दहा गांवांतील सुमारें १०८९ हेक्टरांवर 'कल्याण ग्रोथ सेंटर' उभारण्याची योजना आली, आणि आतां कल्याणहून तळोज्याकडे जाणाऱ्या मेट्रोचें काम चाललें आहे. हद्द आंत होती कीं बाहेर, ह्यानें घरपट्टीचा आंकडा बदलला. भराव टाकणाऱ्या डंपरांनीं हद्दीकडे पाहिलें देखील नाहीं.

हें सगळें मनांत घोळत असतां माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो अमेरिकेंत टेक्सास संस्थानांत, ऑस्टिन शहराच्या बाहेर राहतो. मीं आमच्या शेताची हकीकत त्याला कळविली होती, तिच्या उत्तरादाखल त्यानें तिकडचा एक कायदा व त्याखालीं होणाऱ्या एका कराराचा नमुना पाठविला. नमुना जेमतेम सात पानांचा. तो वाचतांना मला जें नवल वाटलें तें वाचकांना सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्या संस्थानांतल्या शहरांनाहि आजूबाजूचा मुलूख गिळण्याची मोठी हौस. परंतु २००७ सालीं तेथील विधिमंडळानें असा नियम केला, कीं ज्या जमिनीची कर-आकारणी शेती, इमारती लांकूड किंवा वन्य जीवांचें संगोपन ह्या सदराखालीं होत असेल, ती हद्दींत घेण्यापूर्वीं शहरानें तिच्या मालकापुढें एक करार ठेवलाच पाहिजे. मालकानें तो नाकारला तरच पुढचें पाऊल. करारांत शहर म्हणतें, 'तुझी जमीन आम्ही हद्दीबाहेर राहूं देतों. बांधकामाचे व आंखणीचे आमचे जे नियम शेतीच्या आड येत नाहींत तेवढे मात्र तुला लागू राहतील.' मालक म्हणतो, 'कबूल.' जमीन विकली तरी करार तिच्या पाठोपाठ नव्या मालकाकडे जातो. मुदत वाढवून मिळते, परंतु सारी मिळून पंचेचाळीस वर्षांच्या पलीकडे नाहीं. आणि ह्या सगळ्याचा कणा म्हणजे एक छोटें कलम: मालकानें जमिनीचे भूखंड पाडण्याचा नकाशा कोठल्याहि कचेरींत दाखल केला, कीं शहराचें तें वचन त्या क्षणीं रद्द!

हें कलम मीं तीन वेळां वाचलें. शेतकऱ्याच्या अंतःकरणांत काय आहे ह्याची चौकशी तें करीत नाहीं. 'भूमि ही माता आहे' असें त्याच्याकडून म्हणवून घेत नाहीं. तूं कसतोस तोंवर आम्ही थांबतों, तूं विकावयास निघालास कीं आम्ही येतों, इतकेंच. आमच्या मोर्च्यांत असें कलम कोणीं मोठ्यानें वाचून दाखविलें असतें तर निम्मी सभा चुळबुळ करूं लागली असती, आणि त्या निम्म्यांत मी असतों.

ह्या करारांत सारें गोडच आहे असें नव्हे. चार गायी चरावयास सोडून शेताचा कर भरावयाचा आणि भाव चढेपर्यंत स्वस्थ बसावयाचें, असले शेतकरी तिकडेहि आहेत, आणि त्यांच्यावर टीकाहि होते. शिवाय २०१९ सालीं तेथील कायदा आणखी बदलला व बहुतेक ठिकाणीं संमतीवांचून मुलूख जोडून घेण्याची शहरांची सत्ताच काढून घेण्यांत आली, त्यामुळें ह्या करारांची पूर्वींची निकड राहिली नाहीं. कॅलिफोर्नियांत १९६५ पासून दुसरी एक रीत आहे. तेथें शेतकरी दहा वर्षें जमीन शेतीखालींच ठेवण्याचें वचन देतो व त्याबद्दल त्याला करांत सूट मिळते. गंमत अशी, कीं तीं दहा वर्षें संपतच नाहींत. दर वर्षीं आपोआप एकेक वर्ष पुढें जोडलें जातें. कोणा एका पक्षानें 'आतां पुरे' अशी नोटीस दिली म्हणजे मगच उलटी मोजणी सुरू होते. शेताला निरोप द्यावयास दहा वर्षें! आमच्या टेबलावरच्या चोपडींत ताबा सहीच्या दिवशींच द्यावयाचा आहे.

पुढच्या रविवारीं मी तो नमुना घेऊन तात्यांकडे गेलों. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्यायशीं. कान शाबूत, गुडघे गेलेले. गडी लावून 'पिंपळाखालचें' अजून तेच करवितात. त्यांची सही राहिली आहे ती ते विरुद्ध आहेत म्हणून, अशीच माझी समजूत होती, त्यांनीं मुलाला सांगितलें होतें, "मास्तराची झाली कीं माझी." मास्तर म्हणजे मी. म्हातारा मनांतून नाहीं म्हणतो आहे, आणि तें माझ्या तोंडून वदवून घेऊं पाहतो आहे, असा मीं त्याचा अर्थ केला होता आणि मनांतल्या मनांत त्या भूमिकेची तयारीहि चालविली होती.

मीं कराराचें एकेक कलम मराठींत सांगत गेलों. तात्या ओटीवरच्या खुर्चींत डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलें, झोंप लागली. इतक्यांत त्यांनीं विचारलें, "किती एकर हाय त्याची?"

"ह्या नमुन्यांतली दोनशेंच्यावर आहे, तात्या."

"आन् भाऊ-बहिनी किती?"

मी गप्प बसलों. तो प्रश्न मला सुचला नव्हता, आणि माझ्या विद्यार्थ्यालाहि सुचला नसता. कराराच्या शेवटीं सहीसाठीं जागा होती ती नवराबायकोची, दोनच. आमच्या एक एकर सव्वीस गुंठ्यांवर सहा नांवें आहेत. शेजारच्या सर्वे नंबरावर एकोणीस. एकानें शेत राखावयाचें म्हटलें तर पांचांना त्यांच्या वांट्याचे पैसे कोणी द्यावयाचे? टेक्सासचा शेतकरी शहराशीं करार करतो; आमच्या शेतकऱ्याला तो आधीं बहिणीशीं करावा लागेल.

"आन् पंचेचाळीस वर्सांनी?" तात्यांनीं विचारलें.

"मग शहर येऊं शकतें."

"म्हंजे मुदतच ना रे बाला," ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत चेष्टा नव्हती. एखाद्या पाहुण्याचें गांव कोणतें तें कळल्यावर माणूस जसा मान हलवितो तशी त्यांनीं मान हलविली. मग त्यांनीं नेवाळीची गोष्ट काढली. नेवाळी आमच्यापासून दूर नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें विमानांच्या धांवपट्टीसाठीं तेथल्या व आसपासच्या गांवांच्या जमिनी घेतल्या. युद्ध सरल्यावर त्या परत मिळतील असें त्या वेळीं सांगितलें होतें, असें ते लोक आजहि सांगतात. युद्ध संपलें, इंग्रज गेले, आणि शेतकरी पुन्हां त्याच जमिनींत भात लावूं लागले. मात्र जमीन कागदावर सरकारचीच राहिली. पंचाहत्तर वर्षांनीं तिच्याभोंवतीं भिंत उठूं लागली तेव्हां, जून २०१७ मध्यें, लोक रस्त्यावर उतरले, गाड्या जळाल्या, पोलिस व गांवकरी दोन्हीकडचीं माणसें जखमी झालीं. त्या जमिनींत तात्यांच्या सासुरवाडीचें शेत होतें. "तवाबी मुदतच सांगितली व्हती," ते म्हणाले. "मुदत सांगनारा मानूस ऱ्हात नाय. कागद ऱ्हातो."

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. करार पाळावयास शहरहि तितकेंच जुनें व स्थिर असावें लागतें. जें शहर आपली हद्द चाळीस वर्षांत पांच वेळां आंत-बाहेर होतांना पाहतें, त्यानें पंचेचाळीस वर्षांचें वचन कोणत्या तोंडानें द्यावें आणि तात्यांनीं तें कोणत्या तोंडानें घ्यावें?

"मग तात्या, सही करूं नये असें तुमचें मत?" मीं विचारलें.

त्यांनीं डोळे उघडले. "सही कर ना. पोरींना पैसं पायजेत, पोराला पायजेत. मी कुठं नाय म्हनतो? मना दोन पावसाळं दे."

माझी सारी तयारी फुकट गेली. दोनच कां, असें मीं विचारलें. तेव्हां कळलें तें असें. आमच्या पश्चिमेचें शेत दोन वर्षांपूर्वीं विकलें गेलें व त्यांत कमरेइतका मुरुमाचा भराव पडला. त्या भरावाखालीं आमचें पाणी वाहून नेणारा ओहोळ बुजला. गेल्या पावसाळ्यांत पाणी खाचरांत तुंबून राहिलें आणि भात लोंबीवर येण्यापूर्वींच कुजला. तात्यांनीं तो कापलाहि नाहीं; गुरांनाहि घातला नाहीं. "सत्तर वर्सं केलं," ते म्हणाले, "आन् शेवटचं पीक कुजकं? तसं नको. ओहोल मोकला करतों, एक पीक चांगलं घेतों. यंदा बिघडलं तर फुडच्या सालीं. म्हनून दोन."

परततांना शिळ रस्त्यावर वाहनांच्या रांगेंत पाऊण तास अडकलों होतों. टेक्सासचा कायदा, कलम ३, हरकती आणि सूचना, सारें मीं मनांत पुन्हां चाळून पाहिलें. शेत कायमचें राखण्याची भाषा ह्या चाळीस वर्षांत आम्हीं सर्वांनीं केली. भाषणांत केली, निवेदनांत केली, मीं तर वर्गांतहि केली. नीट निरोप देण्यापुरती मुदत मागावी असें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं. तें एका चौथी शिकलेल्या माणसाच्या मनांत आलें. आणि अमेरिकेंतल्या त्या सात पानांतहि, भारदस्त भाषा बाजूला सारली तर, ह्याहून निराळें काय आहे?

त्या रात्रीं मीं बेचाळीस पानांच्या चोपडींतलें ताब्याचें कलम काढलें आणि त्याच्या बाजूला, समासांत, माझ्या हातानें लिहिलें: सहीनंतरच्या दुसऱ्या खरीप हंगामाची कापणी व झोडणी पुरी झाल्यावर ताबा द्यावा, तोंपर्यंत सदर मिळकतींत भराव टाकूं नये, कुंपण घालूं नये, आणि पश्चिमेकडील ओहोळ मोकळा ठेवावा. आमच्या वकिलांनीं तें पाहून कपाळाला आंठ्या घातल्या, पण कायद्यानें त्यांत गैर कांहीं नाहीं असें सांगितलें. मात्र त्या मुदतीपुरता आगाऊ रकमेंतला मोठा भाग हातीं येणार नाहीं, हें त्यांनीं बजावलें. तें मीं बहिणीला व आत्यांना फोन करून कळविलें. थोरली आत्या कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, "माझा गुडघा दोन वर्सं थांबायचा नाय. एक करा." धाकटीनें तात्यांच्या पायांची चौकशी केली. आईला विचारलें तेव्हां ती म्हणाली, "करूं दे त्यांना. पण लावणीला मला बोलवूं नका." शेवटीं थोरल्या आत्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मीं उचलावयाचा असें ठरलें. नकार देण्याची ऐट मला परवडते असें मीं वर लिहिलें आहे. तिची किंमत एवढी स्पष्ट आंकड्यांत प्रथमच माझ्यासमोर आली.

बिल्डरचा माणूस गेल्या गुरुवारीं घरीं आला. तिशीच्या आंतला, नम्र, टाय लावलेला मुलगा. मला 'सर' म्हणत होता. समासांतली माझी दुरुस्ती त्यानें मोबाईलवर फोटो काढून घेतली, आणि जरा अडखळत म्हणाला, "सर, आमच्या फॉर्मेटमध्यें असं कलम नसतं." मीं म्हटलें, तें मला ठाऊक आहे. मग त्यानें विचारलें, "पण सर, खरीप म्हणजे नक्की कोणती तारीख?"

प्रश्न रास्त होता. मीं त्याच्या समोरच तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, दिवाळीच्या मागं-पुढं, पाऊस उघडला तर. हें त्या मुलाला सांगितलें तेव्हां तो हंसला नाहीं. त्यानें तें वहींत लिहून घेतलें, मग खोडलें, आणि तारखेशिवाय चालणार नाहीं, असें पुन्हां नम्रपणें सांगितलें. अखेर पुढच्या वर्षाची ३० नोव्हेंबर ही तारीख ठरली. चोपडी वर मंजुरीसाठीं पाठवावी लागेल, दोन पावसाळ्यांचा एक करा असें कदाचित् म्हणतील, असें सांगून तो गेला. एकाला मी कबूल होणार नाहीं, हें मींहि त्याला सांगून ठेवलें आहे.

अजून उत्तर आलेलें नाहीं. मृग दहा-बारा दिवसांवर आला. काल चुलतभावाचा फोन होता: त्यानें आपल्या ओळखीनें एक जेसीबी अर्ध्या दिवसासाठीं आणला आणि ओहोळाचें तोंड मोकळें केलें, शेजारच्या भरावावरचा पहारेकरी आरडाओरडा करूं लागला, तेव्हां तात्या स्वतः काठी टेकीत तेथवर गेले व त्याला बिडी देऊन गप्प बसविलें. राब तर त्यांनीं अक्षय्यतृतीयेच्या आधींच भाजून ठेवला आहे.